बिनपाटीचं फूल

सर्जेराव उगले यांनी उभी नोकरी मंठ्याच्या बसस्थानकात वाहतूक नियंत्रक म्हणून केली. म्हणजे काय केलं, तर कोणती गाडी कुठं चालली हे माईकवरून लोकांना सांगितलं. लोकांनी ते कधी ऐकलं नाही. खिडकीशी येऊन पुन्हा तेच विचारलं आणि सर्जेरावांनी पुन्हा तेच सांगितलं. या नोकरीनं त्यांना भारदस्त आवाज दिला आणि पाटी नसलेल्या कोणत्याही वस्तूचा मनस्वी तिटकारा दिला. बिनपाटीची गाडी फलाटाला लागली की त्या दिवशी त्यांना डबा गोड लागत नसे.

निवृत्त होऊन ते जालन्यात राहायला आले तेव्हा त्यांच्या मुलीनं, तृप्तीनं, त्यांना चांगल्या कॅमेऱ्याचा फोन घेऊन दिला. ती बियाण्यांच्या एका कंपनीत प्रयोगशाळेत असते. बापानं घरात बसून आईला सूचना देऊ नयेत एवढाच तिचा हेतू होता. सर्जेराव सकाळी मोती तलावाकडं फिरायला जाऊ लागले, आणि तिथं त्यांना असं दिसून आलं की रस्त्याच्या कडेला जी शेकडो फुलं फुलतात त्यांतल्या एकालाही पाटी नाही. इतकी वर्षं आपण यांच्या शेजारून गेलो आणि एकाचंही नाव विचारलं नाही, याचं त्यांना वाईट वाटलं. मग ते फोटो काढायला लागले.

फुलाचं नाव सांगणारं एक ॲप असतं. ते त्यांनी घेतलं. त्या ॲपनं एकाच फुलाला सकाळी एक, दुपारी दुसरं आणि उन्हं उतरल्यावर तिसरं नाव दिलं. एकदा चुकून स्वतःच्या अंगठ्याचा फोटो गेला, तर त्याला परदेशी निवडुंग ठरवलं. सर्जेरावांनी अंगठा उलटसुलट करून पाहिला आणि ॲप काढून टाकलं.

शेजारचे लालचंदजी कापडाचे व्यापारी. त्यांना हा उद्योग बिलकुल पसंत नव्हता. ते गेटवर हात ठेवून म्हणाले, "उगलेसाहेब, फोटो काढायचाच तर गुलाबाचा काढा ना. झेंडूचा काढा. लोक सकाळी एकमेकांना पाठवतात, नाव होतं. हे गवत कोण बघतं?"

"गवत न्हाई हो हे, फूल आहे."

"बकरी खाते ना? मंग गवतच." लालचंदजींचं वर्गीकरण एवढंच होतं, आणि खरं सांगायचं तर ते ॲपपेक्षा जास्त पक्कं होतं.

शेवटी तृप्तीनं त्यांना रानफुलं ओळखणाऱ्यांच्या एका व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये घातलं. ग्रुप चालवत होत्या परभणीच्या एक निवृत्त प्राध्यापक बाई. बाईंचा दरारा असा, की तिथं कोणी 'सुप्रभात' टाकत नसे. सर्जेराव फोटो टाकत, बाई एका शब्दात नाव सांगत, आणि सर्जेराव त्या दिवसापुरते तृप्त होत. काटेरिंगणी झाली, उंटकटारा झाला, पाथरी झाली. सगळं सुरळीत चाललं होतं.

तेवढ्यात शिवरात्रीच्या सुमाराला भोकरदन तालुक्यात एका पाहुण्याकडं साखरपुडा निघाला. वंदनाताई, म्हणजे सर्जेरावांच्या मंडळी, म्हणाल्या, एसटीची वाट बघत बसायला नको, जीपनं जाऊ. जन्मात जो माणूस एसटीचे प्रवासी पळवणाऱ्या काळ्यापिवळ्या जीपमध्ये चढला नाही तो त्या दिवशी चढला, आणि येताना धावडा गावाच्या अलीकडं जीप पंक्चर झाली. सर्जेरावांना मनातून फार बरं वाटलं. चेहरा गंभीर ठेवून ते लघुशंकेला एका शेताच्या बांधाकडं गेले, आणि तिथं त्यांना ते फूल दिसलं.

वीतभर दांडा. पान जवळजवळ नाहीच. वर निळसर जांभळं फूल, खालची पाकळी जिभेसारखी बाहेर आलेली आणि तिच्यावर पांढरी लव. असलं फूल त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. ज्या कामाला गेले होते ते काम ते विसरले. जीपचा हॉर्न वाजायला लागला तेव्हा घाईत एक फोटो काढला आणि पळत आले.

ग्रुपवर बाईंचं उत्तर आलं ते असं: "फोटो हलला आहे. ओळखीचं वाटत नाही. पुन्हा जा. पानाची मागची बाजू घ्या, मापासाठी शेजारी नाणं ठेवा. जमीन काळी की मुरमाड, जवळ पाणी बारमाही आहे का, बांध किती जुना, तेही विचारून कळवा. शेंग धरल्यावर तिचाही फोटो लागेल. शेंगेशिवाय मी नाव सांगणार नाही."

'ओळखीचं वाटत नाही' हे शब्द सर्जेरावांनी तीनदा वाचले. बाईंनाही ओळखता न येणारं फूल आपल्याला सापडलं. त्याला अजून कोणीच पाटी लावलेली नसेल तर? ही कल्पनाच अशी होती, की त्यांनी संध्याकाळी मुगाची खिचडी कुरकुर न करता खाल्ली.

तर सर्जेराव एसटीनं धावड्याला गेले. बांध शोधला, फूल शोधलं, खिशातून पाच रुपयांचं नाणं काढून फुलाशेजारी ठेवलं आणि दोन्ही गुडघे टेकून, कपाळ जवळजवळ मातीला लावून पानाची मागची बाजू बघू लागले. वर डोकं काढलं तर समोर शेताचे मालक उभे. पुंजाराम त्यांचं नाव. साठीचे, डोक्यावर टॉवेल.

आता खरं सांगायला काय हरकत होती? पण ज्या माणसानं चाळीस गाड्यांच्या चालक-वाहकांना धाकात ठेवलं, त्यानं ओणवं होऊन गवताच्या फुलाचा फोटो घेत होतो असं कसं सांगायचं? सर्जेराव उठले, गुडघे झटकले आणि भारदस्त आवाजात म्हणाले, "काही न्हाई. इकडून चाललो होतो."

इथं वाचकाला एक गोष्ट सांगितली पाहिजे. सर्जेरावांनाही ती ठाऊक होती, पण ऐन वेळी आठवली नाही. आपल्याकडं मुलगी द्यायची तर मुलीचा बाप आधी गुपचूप जाऊन मुलाकडची जमीन बघून येतो. बघायला आलो असं तो कधी बोलत नाही. तो म्हणतो, इकडून चाललो होतो. आणि मुलाकडचेही त्याला कशाला आले म्हणून विचारत नाहीत, विचारणं वाईट दिसतं. ते चहा करतात. खुद्द सर्जेरावांनी बहिणीच्या लग्नाआधी असंच एक रान बघितलं होतं आणि हेच वाक्य बोलले होते.

पुंजारामांनी पाहिलं ते एवढं: बऱ्या घरचा, इस्तरीच्या कपड्यांतला माणूस बांधावर आला, मातीवर पैसा ठेवला, मातीला कपाळ लावलं. आणि वर म्हणतो इकडून चाललो होतो. त्यांच्या घरात भारत नावाचा मुलगा होता. बीएस्सी झालेला, नोकरीच्या मागं न लागता शेती करणारा. त्यामुळंच त्याचं जमत नव्हतं. तीन वर्षांत त्यांच्या पायरीला एकाही मुलीच्या बापाचा पाय लागला नव्हता.

"चला, चहा घेऊ," पुंजाराम हळूच म्हणाले.

चहा पिताना सर्जेरावांनी बाईंचे प्रश्न आठवून आठवून विचारले. "जमीन सगळी काळीच का मुरमाड बी आहे?"

"वरचा पट्टा मुरमाड, खालची काळी. लई भारी."

"पाणी बारा महिने असतं का?"

"विहीर आटत न्हाई. चैत्रात बी मोटर चालती."

"अन् हा बांध किती जुना?"

"आज्याच्या काळचा. कोणाशी वाद न्हाई, भांडण न्हाई, कोरटात केस न्हाई." पुंजाराम छातीवर हात ठेवून म्हणाले. बांध जुना असण्याचा आणि कोर्टाचा काय संबंध हे सर्जेरावांना कळलं नाही, पण माहिती मिळते आहे तर घ्यावी म्हणून त्यांनी मान हलवली. आतून द्वारकाबाई, पुंजारामांच्या मंडळी, दाराच्या फटीतून ती मान हलताना बघत होत्या.

आठ-दहा दिवसांनी सर्जेराव शेंग बघायला परत गेले. शेंग धरली होती, पण कोवळी. या वेळी मात्र त्यांना बांधावर फार वेळ थांबूच दिलं नाही. विहीर दाखवली. गोठा दाखवला. ठिबकच्या नळ्या दाखवल्या. भारतला ट्रॅक्टरवर बसवून पुंजाराम म्हणाले, "काढा की एक फोटो. घरी दाखवायला होईल."

सर्जेरावांना वाटलं, फोटोची हौस दिसते. त्यांनी काढला. विहिरीचा काढला, गोठ्याचा काढला, म्हशीसोबत पोराचाही काढला. पोरगा लाजत होता, पण बोलायला चांगला होता. जेवायला बसवलं, पानात बाजरीची भाकरी, वांग्याचं भरीत आणि वर लोण्याचा गोळा. द्वारकाबाईंनी वाढता वाढता विचारलं, "पोरंबाळं किती तुम्हाला?"

"एकच मुलगी. तृप्ती. बियाण्याच्या कंपनीत आहे."

"बियाण्याच्या," द्वारकाबाई पुंजारामांकडं बघून म्हणाल्या, आणि सर्जेरावांच्या भाकरीवर आणखी एक लोण्याचा गोळा आला. मराठवाड्यात लोकं अजून किती माया करतात, असं सर्जेराव परतीच्या गाडीत शेजारच्या प्रवाशाला सांगत आले. फोन नंबर त्यांनी दिलाच होता. शेंग पिकली की कळवा, असं सांगायचं मात्र त्यांच्या जिभेवर येऊन राहिलं.

पुढच्या आठवड्यात सर्जेराव अंघोळीला गेलेले असताना त्यांचा फोन वाजला आणि वंदनाताईंनी उचलला.

"ताई, मी धावड्याहून द्वारकाबाई बोलून राह्यले. साहेब दोनदा येऊन रान बघून गेले, त्यांना बराबर वाटलं म्हणायचं. मंग मुलीला घेऊन कधी येता?"

सर्जेराव डोकं पुसत बाहेर आले तेव्हा वंदनाताई कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या. तृप्तीचं लग्न दिवाळीतच ठरलं होतं, पोरगा संभाजीनगरला होता, आणि वैशाखातला मुहूर्तही निघाला होता.

"ठरलेल्या पोरीला तुम्ही दुसरं स्थळ बघून राह्यले?"

"मी फूल बघायला गेल्तो."

"दाखवा फूल."

सर्जेरावांनी मोठ्या विश्वासानं फोन उघडून दिला. पहिला फोटो विहिरीचा. दुसरा गोठ्याचा. तिसऱ्यात ट्रॅक्टरवर एक लग्नाचा मुलगा केस नीट बसवून बसलेला. चौथ्यात तोच, म्हैस घेऊन. वंदनाताई एकेक फोटो बोटानं सरकवत गेल्या आणि दर फोटोला सर्जेराव थोडे थोडे खाली बसत गेले. शेवटी फूल आलं, नाण्यासकट.

"आणि या पाच रुपयांचं काय? टोकन दिलं का?"

कुंपणापलीकडून लालचंदजींनी मान वर काढली. "उगलेसाहेब, मी म्हणलो होतो, गुलाबाचे काढा. गुलाबात हे लफडं नसतं."

तृप्ती मात्र हसून हसून लाल झाली होती. तिनं फुलाचा फोटो मोठा करून पुन्हा पुन्हा पाहिला. "पण बाबा, फूल खरंच वेगळं आहे हं," ती म्हणाली. एवढ्या सगळ्यात तेवढं एक वाक्य सर्जेरावांच्या बाजूचं पडलं.

ठरलं असं, की तिघांनी जायचं आणि तोंडावर खरं काय ते सांगून यायचं. फोनवर असलं सांगणं बरं नव्हे. शिवाय शेंग आता पिकली असणार, हे सर्जेरावांनी बोलून दाखवलं नाही. तृप्तीला फूल बघायचं होतं. लग्नाची मुलगी अशा ठिकाणी सोबत नेणं ही सगळ्यात मोठी चूक होती, आणि ती आपली नव्हती, हे सर्जेराव आजही आवर्जून सांगतात.

रविवारी ते धावड्याला उतरले. शेताच्या वाटेवरचे दगड चुन्यानं आणि गेरूनं रंगवले होते. दारात रांगोळी. घरातून पुरणाचा वास येत होता. सर्जेरावांनी त्यातलं काहीच बघितलं नाही, ते सरळ बांधाकडं गेले. आणि जागच्या जागी उभे राहिले.

बांधच राहिला नव्हता. म्हणजे बांध होता, पण काळा कुळकुळीत, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाळून झाडून साफ केलेला. काडी नव्हती. शेंग नव्हती. राखेवर पाणी शिंपडलं होतं, धूळ उडू नये म्हणून.

द्वारकाबाई पदर सावरत मागून आल्या. "तुम्ही सारखं तिकडंच बघत होते ना साहेब. आम्ही म्हणलं, बांधावरची घाण डोळ्याला खटकून राह्यली असंल. बोलत न्हाईत बिचारे. मंग भारतनं दोन दिस लावून साफ केला. आता चकचकीत झाला का न्हाई?"

सर्जेराव मटकन खाली बसले. त्यांना रडू येतंय की काय असं वाटलं. आपल्या हातानं आपण ते फूल मारलं. नुसतं एकदा तोंड उघडून 'फूल बघायला आलो' म्हणालो असतो, तर आज ते इथं उभं असतं.

"काय झालं साहेब?" पुंजाराम जवळ आले. "रान पसंत न्हाई का?"

मग सर्जेरावांनी राखेत बसल्या बसल्या सगळं सांगितलं. जीप, पंक्चर, फूल, बाई, नाणं, पानाची मागची बाजू. तृप्तीचं ठरलंय हेही सांगितलं. बोलताना त्यांनी एकदाही वर पाहिलं नाही. आयुष्यात त्यांनी शेकडो लोकांना 'गाडी रद्द' असं माईकवर सांगितलं होतं, पण तेव्हा समोरच्यांचे चेहरे दिसत नसत.

भारत पायानं एक रंगवलेला दगड हळूहळू सरळ करत राहिला. पुंजारामांनी डोक्यावरचा टॉवेल काढला, घडी केली, पुन्हा ठेवला. तीन वर्षांनी एक माणूस आला होता, आणि तो गवतासाठी आला होता.

शेवटी द्वारकाबाईच बोलल्या. "मंग त्या फुलाचं तरी जमलं का?"

"न्हाई."

"काहून?"

सर्जेरावांनी नुसतं राखेकडं पाहिलं. द्वारकाबाईंनीही पाहिलं. मग त्यांच्या ध्यानात आलं आणि त्यांनी पदर तोंडाला लावला. "अगं माय. ते आम्हीच जाळलं का?"

पहिलं हसू भारतला फुटलं, मग तृप्तीला, मग वंदनाताईंना. पुंजारामही हसले, उशिरा आणि थोडंच. द्वारकाबाई डोळे पुसत म्हणाल्या, "उठा आता. पुरण केलंय ते कोणाला घालू? तुमचं बी मोडलं, आमचं बी मोडलं. चला जेवायला." त्या पुरणपोळ्या सर्जेरावांच्या घशाखाली उतरल्या, पण फार मानहानीनं उतरल्या.

गुढीपाडव्याच्या सकाळी फोन वाजला. भारतनं फोटो पाठवला होता, खाली लिहिलं होतं, "काका, हे तेच का?" काळी राख, आणि त्या राखेतून वर आलेले वीतभर दांडे. एक नाही, मुठीनं आले होते. पान एकही नाही. नुसती निळसर जांभळी फुलं, लव असलेल्या जिभा बाहेर काढून. भारतनं न सांगता शेजारी नाणं ठेवलं होतं.

सर्जेराव गुढीची काठी हातात घेऊन तसेच उभे राहिले. फोटो ग्रुपवर गेला. बाईंनी प्रथमच लिहिण्याऐवजी फोन केला, आणि त्यांचा आवाज चक्क मऊ होता. काही झाडांची मुळं खाली जिवंत असतात, जाळ लागून गेला की त्यांना पुन्हा फूल येतं, असं त्या म्हणाल्या. हे झाड तसलं असेल तर नाव आपल्याला माहीत आहे, पण ते या भागात असल्याचं आपण कधी ऐकलं नाही. त्या स्वतः धावड्याला आल्या, बांधावर ओणव्या झाल्या, कपाळ मातीला लावलं. सर्जेरावांनी पुंजारामांकडं पाहिलं. पुंजाराम म्हणाले, "बाईंना बी मुलगी हाये का?"

"तुम्ही गप बसा," द्वारकाबाई म्हणाल्या.

आणि शेंग पिकल्यावर बाईंनी नाव सांगितलं. नाव लांबलचक होतं. सर्जेरावांनी ते फलाटावर पुकारायचं तसं दोनदा पुकारून पाहिलं आणि घरी जाऊन पत्र्याची पाटी रंगवली. पिवळ्यावर काळी अक्षरं. वर नाव, खाली 'बांधावर पाय देऊ नये', आणि सवयीनं त्याच्याही खाली 'मार्गे भोकरदन'. पाटी रोवली तेव्हा त्यांना जे समाधान झालं ते निरोप समारंभात शाल घेतानाही झालं नव्हतं.

उशिरा आलेले काही दांडे अजून फुलावर होते, म्हणून ग्रुपमधली माणसं येऊ लागली. जालन्याहून, परभणीहून, रविवारी तर जीप करून. सर्जेराव तिथं उभे राहून, फूल डावीकडं, चपला उजवीकडं, असं पुकारत. द्वारकाबाईंनी मात्र आता रीत सोडली होती. पायरीशी येईल त्याला त्या आधीच विचारत, "फुलाला आले का पोराला?" सगळे म्हणत, फुलाला. त्या म्हणत, बरं, आणि तरीही चहा देत. भारत हसून आत जाई. कधी कधी मात्र तो न हसताच जाई, आणि सर्जेरावांचा आवाज तेवढ्यापुरता बसे.

चैत्र संपत आला तेव्हा एका दुपारी एकटाच माणूस आला. धोतर, पांढरी टोपी, चपला हातात. पाटी न वाचताच तो तिच्यापुढून गेला. फुलांकडं त्यानं पाहिलं नाही. खाली वाकून ढेकूळ उचललं, बोटांनी चुरून बघितलं, विहिरीपाशी जाऊन आत डोकावला, ट्रॅक्टर बघितला, मग भारतकडं जरा वेळ बघितलं.

द्वारकाबाई घरात होत्या. सर्जेराव पुढं झाले. "कुठले तुम्ही?"

"तीर्थपुरी."

"फूल बघायला आले का?"

तो माणूस दूर कुठंतरी बघत म्हणाला, "काही न्हाई. इकडून चाललो होतो."

तीर्थपुरी जिल्ह्याच्या त्या टोकाला आणि धावडा या टोकाला. तीर्थपुरीच्या माणसाच्या वाटेत धावडा कधीच पडत नाही, हे वाहतूक नियंत्रकाला दुसऱ्या कोणी सांगायला नको. सर्जेरावांच्या अंगावर काटा आला. त्यांनी पुढं काही विचारलं नाही. घराकडं तोंड करून, मंठ्याच्या फलाटावरच्या आवाजात, एक चहा सांगितला. मग स्वतःची खुर्ची पुसून पाहुण्याला दिली.

"बसा," ते म्हणाले. "विहिरीला पाणी बारा महिने असतं."